वेडेपणाचा शिक्का आणि स्त्रीची साक्ष

स्त्रीवरील अत्याचाराच्या खटल्यात बचावाचे कोणते मुद्दे मांडावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार आरोपीला व त्याच्या वकिलाला असलाच पाहिजे. लोकशाही मानणाऱ्या कोणाचेही याविषयी दुमत असू नये. परंतु त्या मुद्द्यांना न्यायालयाने किती किंमत द्यावी आणि समाजाने ती किती द्यावी, हा मात्र केवळ वकिलांचा प्रश्न राहत नाही. तो सार्वजनिक न्यायाचा प्रश्न होतो. असाच एक मुद्दा आज विचारार्थ घेणे आवश्यक आहे. फिर्यादी स्त्रीला उलटतपासणीत विचारले जाते : आपण मनाच्या डॉक्टरांकडे जात होता काय? झोपेच्या गोळ्या घेत होता काय? पूर्वी कधी जीव देण्याचा प्रयत्न केला होता काय? घरात कोणी वेडसर होते काय? या प्रश्नांचा घटनेशी संबंध असेलच असे नाही. परंतु त्यांतून एक वाक्य न उच्चारताही न्यायालयात उभे राहते. जिचे मन ठिकाणावर नाही, तिच्या शब्दावर एखाद्या माणसाला तुरुंगात कसे धाडावयाचे?

हे वाक्य वरवर पाहता शहाणपणाचे वाटते आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. वाशिमसारख्या जिल्ह्यात तर ते अधिकच धोक्याचे ठरते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला माहीत झाला. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत तो होता. २०१८ साली केंद्राने मागासलेल्या जिल्ह्यांना 'आकांक्षित' हे गोंडस नाव दिले, त्या यादीतही तो होता. कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन, भावाची अनिश्चितता, सावकारी आणि बँकेचे थकलेले कर्ज यांनी या भागातील घराघरांत मनाचे आजार पोहोचविले आहेत. ते पुरुषांना झाले तसेच त्यांच्यामागे राहिलेल्या स्त्रियांनाही झाले. अशा जिल्ह्यात 'औषध चालू आहे' एवढ्यावरून स्त्रीची साक्ष हलकी ठरू लागली, तर न्यायालयाचे दार किती स्त्रियांना बंद होईल, याचा विचार कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

या मुद्द्याची वंशावळ ठाऊक असल्याशिवाय त्याचे खरे स्वरूप कळणार नाही. ती विदर्भातूनच सुरू करता येते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. तसे करताना ती मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असा निष्कर्ष काढला. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरविला. पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या मुलीने मुकाट्याने सहन करणे म्हणजे संमती नव्हे, हे खंडपीठाने ओळखले होते. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आरोपींना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देश ढवळून निघाला. त्या आंदोलनात समाजवादी स्त्रिया मागे नव्हत्या. त्यातूनच १९८३ ची कायदादुरुस्ती झाली. ताब्यातील स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितल्यास संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे ठरले. सुनावणी बंद दाराआड घेणेही सक्तीचे झाले.

परंतु एक तरतूद त्यानंतरही वीस वर्षे शिल्लक राहिली. १८७२ च्या पुरावा कायद्यात असे कलम होते की, बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे हे दाखवून तिच्या विश्वासार्हतेला धक्का देता येईल. इंग्रजांनी लिहिलेले हे कलम स्वतंत्र भारताच्या न्यायालयांत पंचावन्न वर्षे चालले. २००२ च्या दुरुस्तीने ते काढून टाकण्यात आले. २०१३ साली आणखी एक पाऊल पडले. जेथे संमतीचा प्रश्न आहे, तेथे स्त्रीच्या चारित्र्याचा किंवा पूर्वीच्या शरीरसंबंधांचा पुरावा देता येणार नाही आणि तसे प्रश्नही विचारता येणार नाहीत, असे कायद्याने स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे.

म्हणजे चारित्र्याचा दरवाजा निदान कागदावर तरी बंद झाला. परंतु ज्या मनोवृत्तीने तो दरवाजा एकशेतीस वर्षे उघडा ठेवला होता, ती मनोवृत्ती कायद्याच्या एका दुरुस्तीने जाणारी नव्हती. ती आता मनाच्या खिडकीतून आत येत आहे. पूर्वी 'बाई चालू आहे' म्हणून तिचा शब्द खोटा होता, आता 'बाईचे डोके फिरले आहे' म्हणून तो खोटा ठरतो. दोन्ही ठिकाणी आरोपीने काय केले याची तपासणी होण्याऐवजी स्त्री कशी आहे याची तपासणी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे. २००२ आणि २०१३ च्या दुरुस्त्यांत चारित्र्याचा व शरीरसंबंधांचा उल्लेख आहे, मानसिक उपचारांचा नाही. ही फट मोकळी राहिली आहे, आणि खरा मुद्दा तोच आहे.

या विचाराला पाश्चात्त्य विद्येचे पाठबळही मिळाले होते, हे सांगणे आवश्यक आहे. कारण विज्ञानाचे नाव घेऊन आलेला पूर्वग्रह अधिक चिवट असतो. अमेरिकेत पुरावाशास्त्राचा महापंडित म्हणून गाजलेल्या जॉन हेन्री विगमोर याने आपल्या ग्रंथाच्या १९४० च्या आवृत्तीत असे प्रतिपादन केले की, फिर्यादी स्त्रीचा सामाजिक इतिहास आणि मनाची घडण यांची तपासणी डॉक्टरने केल्याशिवाय लैंगिक गुन्ह्याचा कोणताही आरोप ज्यूरीपुढे जाऊच देऊ नये. चोरीची फिर्याद करणाऱ्या सावकाराचे मन कोणी तपासावे असे त्याला वाटले नाही. मारहाणीची फिर्याद करणाऱ्या पुरुषाचेही नाही. संशय फक्त स्त्रीवर आणि तोही एकाच प्रकारच्या फिर्यादीपुरता! कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली अशा तपासणीचा आदेश देण्याचा अधिकार न्यायाधीशांना असल्याचे मान्य केले. स्त्रीसंघटनांनी लढा दिल्यानंतर १९८० साली तेथील विधिमंडळाने ही प्रथा कायद्याने बंद केली. कॅनडाने १९९७ साली त्याही पुढे जाऊन कायदा केला. स्त्रीच्या उपचारांची कागदपत्रे बचावपक्षाला हवी असतील तर ती खटल्यातील नेमक्या प्रश्नाशी कशी संबंधित आहेत, हे आधी न्यायाधीशाला पटवून द्यावे लागते. तिने उपचार घेतले होते, एवढेच कारण त्यासाठी पुरेसे धरले जात नाही. त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली हा कायदा वैध ठरविला.

भारतीय कायद्याची भूमिका काय आहे? ती पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते त्यापेक्षा चांगली आहे आणि न्यायालयांच्या आवारात प्रत्यक्षात जे चालते त्याहून तर फारच चांगली आहे. मनोरुग्ण व्यक्ती साक्ष देण्यास अपात्र नाही, हे तत्त्व १८७२ च्याच कायद्यात नमूद होते. आजाराने तिला प्रश्न समजेनासे झाले असतील किंवा समंजस उत्तरे देता येत नसतील, तरच ती अपात्र ठरते. नव्या अधिनियमाच्या १२४ व्या कलमात हेच तत्त्व कायम आहे. म्हणजे विचारावयाचे आहे ते इतकेच : या स्त्रीला प्रश्न कळतो काय आणि तिला उत्तर देता येते काय? तिच्या फाइलीवर कोणत्या आजाराचे नाव लिहिले आहे, हा प्रश्न कायद्याने विचारलेलाच नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा याहून स्पष्ट आहे. एखाद्या व्यक्तीस मानसिक आजार असल्याचे निदान झाले म्हणजे ती व्यक्ती विकल मनाची आहे असा अर्थ होत नाही, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केले असेल तरच होतो, असे त्याचे तिसरे कलम सांगते. तेविसाव्या कलमाने रुग्णाला आपल्या आजाराची व उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क दिला आहे. एकशेपाचवे कलम तर थेट न्यायालयांसाठीच आहे. कोणत्याही न्यायालयीन कामकाजात एखाद्याच्या मानसिक आजाराचा पुरावा पुढे आला आणि दुसऱ्या पक्षाने त्याला हरकत घेतली, तर न्यायालयाने तो विषय मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तपासणीसाठी पाठवावयाचा आहे. म्हणजे एखादी जुनी चिठ्ठी, गोळ्यांचे एखादे पाकीट किंवा सासरच्या माणसाचा शब्द यांवरून स्त्रीला वेडी ठरविण्याची मुभा कायद्याने वकिलाला दिलेली नाही. या कलमाचा आधार सरकारी वकिलाने घेतलाच नाही, तर मात्र ते पुस्तकातच पडून राहते.

सर्वोच्च न्यायालयाचे निर्णयही याच दिशेने गेले आहेत. नागपूरच्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या प्रकरणात १९९० साली त्या न्यायालयाने सांगितले की, अत्याचारग्रस्त स्त्रीकडे गुन्ह्यातील साथीदाराकडे पाहावे तशा संशयाने पाहू नये, तिच्या साक्षीला जखमी साक्षीदाराच्या साक्षीइतके मोल द्यावे. गोव्यातील तुळशीदास काणोलकर खटल्यात बौद्धिक वाढ कमी असलेल्या मुलीची संमती होती असा बचाव करण्यात आला होता. २००३ साली न्यायालयाने तो फेटाळला आणि अशा मुलींवरील अत्याचाराला अधिक कडक शिक्षा असावी, असेही सुचविले. महाराष्ट्रातून आलेल्या एका खटल्यात पीडित मुलगी मूकबधिर होती आणि तिला बौद्धिक अपंगत्वही होते. तिची साक्षच झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले होते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने इतर पुराव्यांवरून ती शिक्षा पुन्हा कायम केली आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात दुर्बल साक्षीदारांसाठी निदान दोन विशेष साक्षकेंद्रे उभारावीत असा आदेश दिला. अपंग स्त्रीची साक्ष केवळ अपंगत्वामुळे कमी प्रतीची ठरत नाही, हे २०२१ च्या पटन जमाल वली निर्णयात निःसंदिग्ध शब्दांत आले. जानेवारी २०२२ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, 'दुर्बल साक्षीदार' या संज्ञेत मानसिक आजार असलेल्या साक्षीदाराचाही समावेश करण्यात आला. दुर्बल याचा अर्थ अविश्वसनीय असा नसून, जिला आधार देऊन बोलते करावे अशी व्यक्ती, असा आहे. सारा मुद्दा या एका फरकात सामावला आहे.

येथे कायद्यातील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रीवरील बलात्कार हा अधिक गंभीर गुन्हा मानून २०१३ पासून त्यासाठी निदान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवण्यात आली आहे. म्हणजे ज्या स्थितीमुळे कायदा गुन्ह्याला अधिक भारी समजतो, त्याच स्थितीमुळे न्यायालयाच्या आवारात तिची साक्ष हलकी समजली जाते. दुसरी विसंगती याहून बोलकी आहे. आरोपी स्वतः जेव्हा 'माझे मन ठिकाणावर नव्हते' असा बचाव घेतो, तेव्हा न्यायालये त्याच्याकडून कठोर पुरावा मागतात. वैद्यकीय दृष्टीने आजार असणे पुरेसे नाही, त्या क्षणी कृत्याचे स्वरूप कळण्याची शक्तीच गेली होती हे त्याने सिद्ध केले पाहिजे, असे निर्णय वर्षानुवर्षे दिले गेले आहेत आणि ते योग्यच आहेत. घटस्फोटाच्या खटल्यातदेखील नुसते आजाराचे नाव पुरत नाही, त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले. मग अत्याचाराच्या फिर्यादी स्त्रीबाबतच नुसत्या कुजबुजीने काम का भागावे?

आजार आणि अत्याचार यांचा संबंध ज्या क्रमाने मांडला जातो, तो क्रमच बहुधा उलटा असतो. अत्याचारानंतर झोप उडणे, दचकणे, घटनेचे तपशील मागेपुढे होणे, काही भाग आठवेनासा होणे, जगणे नकोसे वाटणे, ही त्या आघाताची परिचित लक्षणे आहेत. खटला उभा राहीपर्यंत वर्षे लोटतात. त्या काळात तिने उपचार घेतले, तर ते उपचारच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून आणले जातात. म्हणजे डोके फोडावयाचे आणि मग पट्टी बांधली म्हणून 'हिचे डोके आधीपासूनच फुटके होते' असे म्हणावयाचे! आजार पूर्वीचा असला, तरी अनुमान वेगळे निघावयास हवे. हिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे ओळखूनच अत्याचार करणारा आपले सावज निवडतो. न्यायालयाने त्याचा तो अंदाज खरा ठरविला, तर अशा स्त्रियांवर हात टाकण्याचा परवानाच समाजाने दिल्यासारखे होईल.

शिवाय स्त्रीपुढे दुहेरी सापळा असतो. २१ मे २०२१ रोजी गोव्यात म्हापशाच्या सत्र न्यायालयाने एका गाजलेल्या प्रकरणात आरोपीला निर्दोष सोडले. त्या निकालपत्रात घटनेनंतरच्या छायाचित्रांत फिर्यादी प्रसन्न दिसते आणि अत्याचारग्रस्त स्त्री जशी वागेल तशी ती वागली नाही, अशा स्वरूपाची चर्चा होती. गोवा शासनाने त्या निकालाविरुद्ध अपील केले. तेथील दोषादोषाचा निवाडा येथे करावयाचा नाही. प्रश्न कसोटीचा आहे. स्त्री शांत राहिली तर 'हिला काहीच झाले नाही' आणि ती कोसळली तर 'ही मुळातच आजारी आहे', असे जर ठरणार असेल, तर खरे बोलणाऱ्या स्त्रीने वागावे तरी कसे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि समाजवाद्यांनी तो टाळता कामा नये. आरोपी निरपराध असू शकतो. खोट्या खटल्यांचा फटका या देशात सर्वाधिक कोणाला बसतो, तर ज्याच्याकडे वकील करण्यास पैसा नाही अशा गरिबाला, दलिताला, पारध्याला, परगावच्या मजुराला. त्याचा उलटतपासणीचा हक्क हे त्याचे अखेरचे हत्यार असते. ते बोथट करून स्त्रीला न्याय मिळेल असे मानणे चूक आहे. म्हणून येथे स्पष्ट भेद केला पाहिजे. घटनेच्या वेळी साक्षीदाराला प्रत्यक्ष भास होत होते काय, तिच्या स्मरणावर त्या वेळी औषधाचा परिणाम झाला होता काय, हे प्रश्न घटनेशी संबंधित आहेत. त्यांना काही आधार असेल, तर ते विचारण्याचा हक्क आरोपीला आहे आणि त्यांची उत्तरे तज्ज्ञांकडून मिळविली पाहिजेत. परंतु सहा वर्षांपूर्वीच्या बाळंतपणानंतर आलेल्या नैराश्यावरून किंवा नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घेतलेल्या गोळ्यांवरून आजच्या साक्षीविषयी काहीही सिद्ध होत नाही. ज्या प्रश्नातून काही सिद्ध होत नाही आणि केवळ अपमान होतो, तो प्रश्न न्यायाधीशाने रोखावा, ही तरतूद १८७२ पासूनच आहे. तिचा वापर केल्याने आरोपीचा कोणताही न्याय्य हक्क बुडत नाही. उलट, खटला पुराव्यावर चालला तर निरपराध आरोपीचेही हितच होते, कारण पूर्वग्रहावर चालणारे न्यायालय उद्या त्याच्याही जातीकडे आणि दारिद्र्याकडे बोट दाखवील.

आता या प्रश्नाची आर्थिक बाजू पाहिली पाहिजे. वाशिमच्या संदर्भात ती निर्णायक आहे. २०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन मनाने खचलेल्या माणसांचा शोध घ्यावा, त्यांना समुपदेशन व औषधोपचार मिळवून द्यावेत, अशी ती योजना. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवाही सुरू झाली. शासन एका बाजूने सांगते की, लाज बाळगू नका, उपचार घ्या, नाव नोंदवा. ते योग्यच आहे. परंतु उपचारांची नोंद हीच उद्या स्त्रीच्या विश्वासार्हतेविरुद्धची नोंद ठरणार असेल, तर त्या नोंदीची किंमत ती स्त्री मोजणार आहे. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, किंमत वाढली की मागणी घटते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. ही दरी बुजविण्याऐवजी न्यायालयीन पूर्वग्रह ती रुंदच करील. जी उपचार घेणार नाही ती आजारी राहील आणि जी घेईल ती अविश्वसनीय ठरेल.

यात वर्गभेदही आहे. शहरातील सुस्थित स्त्री खाजगी तज्ज्ञाकडे जाते. तिची कागदपत्रे तिच्या ताब्यात असतात आणि गरज पडल्यास तोच तज्ज्ञ न्यायालयात येऊन तिच्या आजाराचा खरा अर्थ सांगतो. मानोऱ्याच्या तांड्यावरील किंवा रिसोडच्या खेड्यातील स्त्रीची गोष्ट वेगळी. तिच्या मनाचा आजार गावात 'बाहेरची बाधा' म्हणून आधीच बभ्रा झालेला असतो. तिचा केसपेपर नवऱ्याच्या किंवा दिराच्या पेटीत असतो. मोठ्या शासकीय मनोरुग्णालयाची पायरी चढावयाची तर नागपूर गाठावे लागते. अत्याचार करणारा घरातला, शेताचा मालक किंवा गावचा वजनदार माणूस असेल, तर तो कागद कोणाच्या हाती पडेल हे सांगावयास नको. जमिनीच्या वाटणीत विधवेला वेडी ठरवून तिचा हिस्सा गिळण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. वेडेपणाचा शिक्का हे मालमत्तेचे आणि पुरुषी सत्तेचे जुने हत्यार आहे. अत्याचाराच्या खटल्यात ते वापरले जाते तेव्हा फक्त जागा बदललेली असते.

या परिस्थितीत मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पहिली मागणी संसदेकडे. चारित्र्याच्या पुराव्याला जशी मनाई झाली, त्याच धर्तीवर भारतीय साक्ष्य अधिनियमात तरतूद व्हावी की, फिर्यादी स्त्रीने मानसिक उपचार घेतले एवढ्या कारणावरून तिच्या विश्वासार्हतेविषयी प्रश्न विचारता येणार नाही. उपचारांची कागदपत्रे हवी असल्यास बचावपक्षाने लेखी अर्ज करावा, स्त्रीचे म्हणणे ऐकून घेतले जावे आणि न्यायाधीशाने ती आधी स्वतः पाहून संबंधित भागच खुला करावा. दुसरी मागणी राज्य शासनाकडे. सरकारी वकिलांना २०१७ च्या कायद्याचे, विशेषतः त्याच्या एकशेपाचव्या कलमाचे प्रशिक्षण द्यावे. पुनर्विलोकन मंडळाचे काम वाशिमच्या स्त्रीच्या आवाक्यात यावे, त्यासाठी तिला मजुरी बुडवून दूरच्या शहरी हेलपाटे घालावे लागू नयेत. तिसरी मागणी न्यायव्यवस्थेकडे. दुर्बल साक्षीदारांसाठीची साक्षकेंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणी केवळ पाटी लावून नव्हे, तर प्रशिक्षित माणसांसह चालावीत.

परंतु मागण्यांची वाट पाहत बसणे हे कार्यकर्त्यांचे काम नव्हे. आजच्या कायद्यातही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रीची फिर्याद पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, विशेष शिक्षक वा दुभाष्याच्या उपस्थितीत नोंदवावी आणि तिचे चित्रीकरण करावे, असे २०१३ पासून बंधन आहे. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अशा रीतीने दिलेला तिचा जबाब पुढे सरतपासणी म्हणून धरला जातो. त्यामुळे तीच कहाणी पुनःपुन्हा सांगण्याचा जाच वाचतो. ठाणेदाराने हे केले नाही, तर पुढे बचावपक्षाला जबाबातील तफावती आयत्याच मिळतात. म्हणून पहिल्याच दिवशी फिर्यादीबरोबर पोलीस ठाण्यात जाणारा कार्यकर्ता हा खटल्यातील दहा भाषणांपेक्षा अधिक उपयोगी असतो. तिच्या औषधाच्या चिठ्ठ्या सुरक्षित ठेवणे, सरकारी वकिलाला त्या आजाराविषयी आधीच मोकळेपणाने सांगणे, उपचार करणाऱ्या डॉक्टरला साक्षीस येण्याची विनंती करणे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला विनामूल्य वकील मिळवून देणे, ही कामे वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड आणि मानोरा या सहाही तालुक्यांत करता येतील. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. चिकाटीची आहे.

आणि एक काम न्यायालयाच्या बाहेरचे आहे. कोणत्याही स्त्रीच्या तक्रारीविषयी गावात, बैठकीत किंवा पक्षाच्या कार्यालयात 'तिच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे' असे वाक्य कानी पडले, की ते तेथेच अडविले पाहिजे. परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या पुरुषांच्या तोंडीही हे वाक्य येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एखाद्या संघटनेतील ज्येष्ठावर आरोप होतो तेव्हा तर ते सर्वांत आधी येते. जी चळवळ देसाईगंजच्या आदिवासी मुलीसाठी रस्त्यावर आली, तिने आपल्या घरातील स्त्रीच्या शब्दाला वेगळी कसोटी लावली, तर तिच्या त्या इतिहासाला काही अर्थ उरणार नाही.

आजारी माणसालाही सत्य माहीत असते. ताप आलेल्या माणसाने 'मला मारले' असे सांगितले, तर प्रथम मारणाऱ्याचा शोध घेतला जातो, ताप मोजला जात नाही. मनाच्या आजाराला हा साधा न्याय लागू करण्यास कायदा तयार झाला आहे. तो ठाणेदाराच्या टेबलापर्यंत, साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत आणि गावाच्या पारापर्यंत पोहोचविण्याचे काम शिल्लक आहे.